आपलं इंग्रजी आपणच तपासताना

'आलोच!' म्हणणारा माणूस अजून आलेला नसतो. 'निघालो, निघालो' म्हणणारा तर बहुतेक वेळा चपलाच शोधत असतो. मराठीत हे कुणाला खटकत नाही, कारण खात्री द्यायची असली की आपण बेधडक भूतकाळ वापरतो. तोच माणूस इंग्रजीत 'आय केम' असं लिहितो तेव्हा मात्र वाचणारा दाराकडे बघतो आणि दारात कुणीच नसतं.

नव्याने इंग्रजी लिहू लागलेल्यांचे मजकूर मी बरीच वर्षं तपासतो आहे. येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, आणि चुका कितीही दिसल्या तरी त्यांची मुळं मोजकीच निघतात. शब्द इंग्रजी असतात, सांगाडा मराठीचा असतो. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. उलट सोयच आहे, कारण आपण कुठे घसरणार ते आधीच ठाऊक असतं. तेवढ्याच जागा तपासायच्या.

पद्धत सोपी आहे. लिहिताना व्याकरणापाशी अडू नका, मनातलं एकदा उतरवून काढा. मग त्यावरून चार वेळा नजर फिरवा, पण एका फेरीत एकच गोष्ट बघायची. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदं, दुसरीत नामं, तिसरीत शब्दयोगी आणि जोडणारे शब्द, चौथीत विरामचिन्हं. सगळं एकदम बघायला गेलं की आपण अर्थच वाचत सुटतो आणि चुका नजरेसमोरून निघून जातात. ओळी उलट क्रमाने, म्हणजे शेवटच्या वाक्यापासून वर वाचत आलात तर आणखी बरं.

सरावाला हा तीन वाक्यांचा मेल घ्या:

'आय ॲम वर्किंग ऑन धिस प्रोजेक्ट सिन्स टू इयर्स. आय हॅव कम्प्लीटेड रिपोर्ट यस्टरडे, बट मॅनेजर हॅव नॉट सीन इट यट. प्लीज सेंड मी द इन्फर्मेशन्स टिल फ्रायडे, वी विल डिस्कस अबाउट इट ऑन मंडे.'

यात दहा चुका आहेत. पुढे वाचण्याआधी किती सापडतात ते बघा.

पहिली फेरी: क्रियापदं

निम्मं काम इथेच होतं, म्हणून इथे घाई नको.

'दोन वर्षांपासून काम करतोय' या मराठी वाक्यात क्रियापद वर्तमानकाळी आहे. काम आज चालू आहे, एवढंच मराठी बघते. इंग्रजी मागे वळून कामाची सुरुवातही बघते आणि मागचा सगळा काळ क्रियापदातच बांधते: 'आय हॅव बीन वर्किंग'. वाक्यात 'पासून' किंवा 'इतके दिवस' असा अर्थ असेल आणि गोष्ट अजून चालू असेल, तर 'ॲम' खोडून 'हॅव बीन' करा.

'काल पूर्ण केला आहे' हेही मराठीत बिनचूक, पण इंग्रजीत अडतं. 'हॅव' लागलेलं क्रियापद आजच्या परिस्थितीबद्दल बोलतं, आणि 'यस्टरडे' म्हणजे संपलेली वेळ. दोघांचं जमत नाही. वाक्यात काल, गेल्या महिन्यात, 2019 मध्ये, असं 'केव्हा?'चं ठरलेलं उत्तर असेल तर साधा भूतकाळ: 'आय कम्प्लीटेड'. उत्तर दिलेलंच नसेल तर 'आय हॅव कम्प्लीटेड' खुशाल लिहा.

तिसरी चूक आपल्या चांगल्या वळणाची आहे. मॅनेजर वयाने, पदाने मोठे, म्हणून मनात 'त्यांनी पाहिला नाही, ते आले नाहीत' असं आदरार्थी अनेकवचन असतं आणि हातातून 'मॅनेजर हॅव' उतरतं. 'माय फादर आर', 'सर वेअर सेइंग' ही सगळी त्याचीच भावंडं. इंग्रजी क्रियापदाला आदर कळत नाही. माणूस एक, तर 'इज', 'हॅज', 'वॉज'. आदर दाखवायला बाकीचं वाक्य आहेच.

मेलमध्ये नसलेल्या, पण हमखास भेटणाऱ्या आणखी काही जागा याच फेरीत बघून घ्या. 'तो येईल तेव्हा सांगेन' यात मराठी दोन्हीकडे भविष्यकाळ ठेवते. इंग्रजीत 'व्हेन', 'इफ', 'अंटिल', 'बिफोर', 'ॲज सून ॲज' यांच्या पाठोपाठ वेळेच्या किंवा अटीच्या अर्थाने येणाऱ्या तुकड्यात 'विल' येत नाही: 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम'. तसंच 'डिड' आला की भूतकाळ त्यातच खर्च झाला. पुढचं क्रियापद मूळ रूपात जातं, 'डिड नॉट गो'. 'डिड नॉट वेंट' म्हणजे एकाच बिलाचे पैसे दोनदा भरणं.

'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय ॲम नोइंग हिम' हे 'लावलं ॲम, चिकटवलं इंग' या सवयीतून येतं. असणं, माहीत असणं, हवं असणं, आवडणं या कृती नाहीत, अवस्था आहेत. त्यांना 'इंग' सहसा लागत नाही. 'वी आर हॅविंग अ मीटिंग' चालतं, कारण तिथे 'हॅव' म्हणजे मीटिंग भरवणं, म्हणजे कृती.

आणि वाक्याच्या पोटातले प्रश्न. 'तो कुठे आहे?' आणि 'तो कुठे आहे ते मला माहीत नाही', दोन्हीकडे मराठी शब्दक्रम तोच राहतो. इंग्रजीत सुटा प्रश्न 'व्हेअर इज ही?' असला तरी तो दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की सरळ होतो: 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज'. 'कॅन यू टेल मी व्हॉट इज द टाइम' असं दिसलं की 'इज' उचलून शेवटी न्या.

जाता जाता, चॅटवर फार घोटाळा करणारी एक गोष्ट. 'तू आला नाहीस?' याला मराठीत 'हो, नाही आलो' असं उत्तर देता येतं. आपला 'हो' विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत 'येस' आणि 'नो' घडलेल्या गोष्टीला जोडलेले असतात. आला नसाल तर 'नो, आय डिडन्ट'. नुसतं 'येस' लिहून पाठवलंत तर समोरचा गोंधळणार.

दुसरी फेरी: नामं आणि त्यांच्याआधीची टोपी

मराठीत उपपद नाही. त्यामुळे 'अ', 'ॲन', 'द' आपल्याला ऐकूच येत नाहीत, राहून गेले तरी वाक्य पोकळ वाटत नाही. म्हणून या फेरीत प्रत्येक नामावर बोट ठेवून थांबायचं.

'अ' की 'ॲन' हे ठरवायला आपल्याकडे इंग्रजांकडे नसलेली युक्ती आहे: शब्द देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. अवर, ऑनेस्ट, एमबीए, एक्स-रे हे स्वराने सुरू होतात, म्हणून 'ॲन अवर', 'ॲन एमबीए'. युनिव्हर्सिटी, युरोपियन, युनिक, वन-वे यांच्या सुरुवातीला य आणि व आहेत, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी', 'अ वन-वे रोड'. इंग्रजी स्पेलिंग इथे फसवतं, आपली लिपी सहसा फसवत नाही.

'द' लावायचा का, यासाठी वाचणाऱ्याला मनातल्या मनात विचारा: 'कोणतं, ते कळलं ना?' त्याला कळलेलं असेल तर 'द'. नसेल, आणि वस्तू एक आणि मोजता येणारी असेल, तर 'अ'. 'आय बॉट अ बुक. द बुक हॅज नो कव्हर.' पहिल्या वाक्यात पुस्तक नवखं आहे, दुसऱ्यात ओळखीचं झालं. सरसकट सगळ्याच पुस्तकांबद्दल बोलायचं तर काहीच नको: 'बुक्स आर हेवी'. आपल्या मेलमधला रिपोर्ट आणि मॅनेजर दोघंही वाचणाऱ्याला ठाऊक आहेत, म्हणून 'द रिपोर्ट', 'द मॅनेजर'.

देश, शहरं, माणसं यांच्या नावांना 'द' लागत नाही. अपवाद पाठच करावे लागतात: द नेदरलँड्स, द युनायटेड स्टेट्स, नद्या आणि समुद्र, पर्वतरांगा. द नाईल म्हणायचं, पण एव्हरेस्टला काही नाही. एव्हरेस्ट एकटं शिखर आहे, हिमालय रांग आहे, म्हणून द हिमालयाज.

आता 'इन्फर्मेशन्स'. गंमत अशी, की मराठीतसुद्धा आपण 'माहित्या' म्हणत नाही, तरी इंग्रजीत 'स' चिकटवतो. 'सल्ले' मात्र म्हणतो, आणि तिथून 'ॲडव्हाइसेस' येतं. ॲडव्हाइस, फर्निचर, इक्विपमेंट, लगेज, सॉफ्टवेअर, फीडबॅक, होमवर्क, एव्हिडन्स ही नामं न मोजता येणारी आहेत. त्यांना 'स' नाही आणि 'ॲन'ही नाही. एकच सल्ला मोजायचा असेल तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'. बातम्या आपल्याकडे अनेक, पण 'द न्यूज इज'. उलटही होतं: कात्री आणि चष्मा आपल्याकडे एकेकटे, इंग्रजीत जोडीचे. 'द सिझर्स आर', 'माय ग्लासेस आर'.

'वन ऑफ माय फ्रेंड्स इज' यात दोन गोष्टी सांभाळायच्या. मित्र अनेक, म्हणून 'फ्रेंड्स', पण त्यातला एकच, म्हणून 'इज'. आणि पेन्सिल मराठीत ती असली, टेबल ते असलं, तरी इंग्रजीत दोन्ही 'इट'.

तिसरी फेरी: 'पर्यंत' आणि त्याचे भाऊबंद

हा माझा स्वतःचा दुखरा कोपरा आहे. भाषांतराची कामं नुकती घेऊ लागलो होतो तेव्हाची गोष्ट. एका परदेशी ग्राहकाने विचारलं, उरलेली पानं कधी होतील? मी मनात म्हटलं, 'शुक्रवारपर्यंत करतो', आणि लिहिलं: 'आय विल वर्क ऑन इट अंटिल फ्रायडे'. शनिवारी पहाटे मोठ्या अभिमानाने सगळं पाठवलं. उत्तर आलं, की तुम्ही शुक्रवारी थांबणार म्हणालात, म्हणून उरलेली पानं आम्ही दुसऱ्याला दिली.

मराठीचा 'पर्यंत' दोन कामं करतो. 'शुक्रवारपर्यंत इथे राहीन' म्हणजे तोवर सतत राहणं. 'शुक्रवारपर्यंत देईन' म्हणजे शुक्रवार संपायच्या आत एकदा देणं. इंग्रजी या दोघांना वेगळे शब्द देते. सतत चालणाऱ्या गोष्टीला 'अंटिल' किंवा 'टिल', मुदतीला 'बाय'. 'आय विल स्टे अंटिल फ्रायडे', पण 'आय विल सेंड इट बाय फ्रायडे'. 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून बघा. अर्थ बदलला नाही तर 'बाय'. मेलमधलं 'टिल फ्रायडे' इथे पडलं.

'पासून'चंही तसंच. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स': सिन्स मंडे, सिन्स 2020. किती काळ ते सांगायचं तर 'फॉर': फॉर टू इयर्स. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून' एकाच शब्दावर भागतात, म्हणून 'सिन्स टू इयर्स' इतकं सहज येतं.

मग येतात आगंतुक. मराठीत चर्चा 'विषयी' करतो, लग्न कुणा'शी' करतो, स्टेशन'ला' पोहोचतो, एखाद्या'ला' विचारतो. इंग्रजीत 'डिस्कस', 'मॅरी', 'रीच', 'आस्क' या क्रियापदांच्या पोटातच ते शब्द आहेत: डिस्कस इट, मॅरी हिम, रीच द स्टेशन, आस्क हर. नाम झालं की मात्र शब्द बाहेर येतो: 'अ डिस्कशन अबाउट इट', 'अ रिक्वेस्ट फॉर हेल्प'. 'एक्स्प्लेन'चं बरोबर उलटं: 'एक्स्प्लेन मी' नव्हे, 'एक्स्प्लेन इट टू मी'. 'टेल मी' आणि 'से टू मी' यांतला फरकही असाच लक्षात ठेवायचा.

वेळेसाठी मराठी चक्क मदत करते. 'वाजता' असेल तर 'ॲट': ॲट नाइन. वारी किंवा तारखेला असेल तर 'ऑन': ऑन मंडे, ऑन द फिफ्थ. 'मध्ये' असेल तर 'इन': इन जून, इन 1998. दिवसाच्या भागांना 'इन द मॉर्निंग', पण रात्र तेवढी हट्टी: 'ॲट नाइट'.

जोडणाऱ्या शब्दांत आपण जोडीने फिरायला सवकलेलो असतो. 'जरी' आला की 'तरी' हवाच, 'कारण' किंवा 'असल्यामुळे' आला की 'म्हणून' मागे उभा. इंग्रजीत एकट्याने भागतं. 'ऑल्दो इट वॉज लेट, बट वी वेटेड' यातला 'बट' काढा. 'बिकॉज' असेल तर 'सो' काढा. कोणताही एक ठेवा, पण एकच.

आणि आपला लाडका 'च'. 'मी इथेच आहे', 'आजच पाठव', 'त्यानेच सांगितलं' या प्रत्येक 'च'साठी 'ओन्ली' वापरला की वाक्य वेडंवाकडं होतं. 'आय ॲम हिअर ओन्ली' वाचून इंग्रजाला वाटतं, की तुम्ही इथे सोडून दुसरीकडे कुठे नसता. 'च' बहुतेक वेळा जोर असतो. इंग्रजीत तो वाक्यरचनेने किंवा 'राइट हिअर', 'इट वॉज ही हू' अशा वळणांनी येतो. खरोखर 'फक्त' म्हणायचं असेल तेव्हाच 'ओन्ली', आणि तो नेमक्या शब्दाच्या शेजारी: 'ओन्ली शी सॉ द लेटर' म्हणजे तिनेच पाहिलं, 'शी सॉ ओन्ली द लेटर' म्हणजे पत्रच पाहिलं, बाकी काही नाही. तसाच 'ना'. 'तू येणार ना?' याचं 'यू आर कमिंग, इझन्ट इट?' होत नाही. शेपटीतलं क्रियापद वाक्यातल्याशी जुळवा: 'आरन्ट यू?'

चौथी फेरी: विरामचिन्हं

विरामचिन्हं मुळात आपल्याकडे इंग्रजीकडूनच आली. 19व्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी ती मराठीत रुजवली. त्यामुळे पूर्णविराम, प्रश्नचिन्ह यांत फारशी अडचण येत नाही. अडचण येते जिथे आपण ती आपल्या पद्धतीने वळवून घेतली तिथे.

'तो म्हणाला, की' असं लिहिताना बरेच जण 'की'च्या आधी स्वल्पविराम देतात, मीही देतो. इंग्रजीत 'ही सेड दॅट' मध्ये 'दॅट'च्या आधी काही येत नाही. दुसरी जागा म्हणजे दोन पुरी वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने शिवणं. मराठीत 'पाऊस थांबला, आम्ही निघालो' छान वाटतं. इंग्रजीत हा टाका कच्चा मानतात. तिथे पूर्णविराम द्या, किंवा स्वल्पविरामानंतर 'अँड', 'बट', 'सो' घाला, किंवा दोन्ही वाक्यं अर्थाने अगदी लगतची असतील तर अर्धविराम. अर्धविरामाची धास्ती घेऊ नका आणि नादही लावून घेऊ नका. 15व्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या छापखान्यात जन्मलेलं हे चिन्ह आहे, आणि त्याच्यावाचून आयुष्यभर उत्तम इंग्रजी लिहिता येतं. आपल्या मेलमध्ये 'फ्रायडे'नंतर पूर्णविराम केला, की दहावी चूक गेली.

अपॉस्ट्रॉफीवर सगळ्यात जास्त प्रश्न येतात, आणि एक चाचणी बहुतेकांना पुरते. 'इट्स' लिहिताना थांबा आणि त्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' वाचून बघा. बसलं तर टी आणि एस यांच्यामध्ये अपॉस्ट्रॉफी द्या. नाही बसलं, म्हणजे 'त्याचा, तिचा' असा अर्थ आहे, तर देऊ नका. 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स' यांनाही अपॉस्ट्रॉफी नसतो, 'इट्स' त्याच पंगतीतला. 'युअर' आणि 'यू आर'चं आखूड रूप हेही याच चाचणीने सुटतं. नामांना मात्र मालकी दाखवायला तो लागतो. मुलगा एक असेल तर एसच्या आधी, मुलगे अनेक असतील तर एसच्या नंतर. नुसत्या अनेकवचनाला कधीही नाही. 'फोटोज' विकणाऱ्या पाटीवर तो दिसला तर दुर्लक्ष करा.

यादीतल्या शेवटच्या 'अँड'च्या आधी स्वल्पविराम द्यायचा का, यावर लोक भांडतात. ऑक्सफर्डच्या छापखान्यामुळे त्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. दोन्ही पद्धती चालतात, एक धरा आणि सोडू नका. पण अर्थ डळमळत असेल तर द्याच. अमेरिकेतल्या मेन राज्यात एका डेअरीच्या ड्रायव्हरांचा खटला याच चिन्हावर फिरला. जादा कामाचे पैसे कोणत्या कामांना द्यायचे नाहीत, त्यांची यादी कायद्यात होती, आणि तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. मग डिस्ट्रिब्यूशन हे वेगळं काम, की पॅकिंगचाच भाग? ड्रायव्हर माल वाटत होते, बांधत नव्हते. 2017 मध्ये अपील कोर्टाने संदिग्धतेचा फायदा त्यांना दिला आणि 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. पुढे त्या कायद्यातली यादी अर्धविराम घालून नव्याने लिहिली गेली.

देवनागरीत मोठं-लहान अक्षर नसतं, म्हणून कॅपिटलकडे आपलं लक्षच जात नाही. 'मी' या अर्थाचा 'आय' वाक्यात कुठेही आला तरी मोठा. वार, महिने, भाषांची आणि देशांची नावं मोठी. ऋतू लहान. महत्त्वाचा वाटतो म्हणून कुठलाही शब्द मोठा करायचा नाही, मॅनेजरसुद्धा.

शब्दांचे सापळे

चार फेऱ्या झाल्यावर शब्द उरतात. एक मराठी क्रियापद इंग्रजीत फुटतं तिथे जपा. 'बघणं' म्हणजे मुद्दाम नजर टाकली तर 'लुक ॲट', नजरेस पडलं तर 'सी', हलतं-चालतं काही वेळ पाहिलं तर 'वॉच'. 'करणं' म्हणजे 'डू' की 'मेक'? काही घडून नवं उरत असेल तर बहुधा 'मेक': मेक अ लिस्ट, मेक अ मिस्टेक. काम उरकायचं असेल तर 'डू': डू द वर्क. नियम लंगडा आहे, पण सुरुवातीला चालतो. 'उसनं' घेतलं तर 'बॉरो', दिलं तर 'लेंड'. दिवा बंद करायला 'क्लोज' नाही, 'स्विच ऑफ'.

उच्चारात जवळच्या जोड्यांपैकी चार तरी पक्क्या करा. ए-ने सुरू होणारं 'अफेक्ट' सहसा क्रियापद, ई-ने सुरू होणारं 'इफेक्ट' सहसा नाम. 'ॲडव्हाइस' सी-ने लिहिलं तर सल्ला, 'ॲडव्हाइझ' एस-ने लिहिलं तर सल्ला देणं. 'लूज' एका ओने म्हणजे हरवणं, दोन ओंनी म्हणजे सैल. तुलनेला 'दॅन' ए-वाला, 'मग' या अर्थी 'देन' ई-वाला.

काही शब्द आपल्याकडच्या इंग्रजीत मुरलेले आहेत. 'प्रिपोन' मला आवडतो, 'पोस्टपोन'ला जोडीदार हवाच होता. पण बाहेरच्या वाचकाला लिहिताना 'ब्रिंग फॉरवर्ड' जास्त सुरक्षित. 'रिव्हर्ट'चा मूळ अर्थ पूर्वीच्या स्थितीला परतणं, म्हणून उत्तर मागायला साधं 'रिप्लाय' बरं.

सोडून द्यायचे नियम

वाक्याचा शेवट शब्दयोगीने करू नये, हा नियम तुम्हाला कुणीतरी सांगेल. 1672 मध्ये कवी ड्रायडन यांनी त्यावर नाक मुरडलं, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी तेच पुढे चालवलं. 'हू आर यू टॉकिंग टू?' हे सहज, शुद्ध इंग्रजी आहे. 'अँड' किंवा 'बट'ने वाक्य सुरू करायलाही हरकत नाही. एकाच व्यक्तीसाठी 'दे' वापरणं नवं फॅड वाटतं, पण तो वापर 14व्या शतकापासून सापडतो.

ब्रिटिश की अमेरिकन? ज्याला लिहिताय त्याचं. 'कलर'मधला यू अमेरिकेत गळला, त्यात नोआ वेबस्टर यांच्या 1828च्या शब्दकोशाचा मोठा हात होता. एका मजकुरात दोन्ही मिसळू नका, एवढंच. तारीख मात्र आकड्यांत लिहूच नका. 4/5 म्हणजे एकाला चार मे, दुसऱ्याला पाच एप्रिल. महिन्याचं नाव लिहा.

अडलं तर कुठे बघायचं

मोठ्या शब्दकोशापेक्षा शिकणाऱ्यांसाठी केलेली लर्नर्स डिक्शनरी घ्या, ऑनलाइन फुकट मिळतात. तिथे अर्थ सगळ्यात शेवटी बघा. आधी नामाशेजारचं 'सी' किंवा 'यू' हे अक्षर बघा, ते मोजता येतं की नाही ते सांगतं. मग उदाहरणाची वाक्यं वाचा, क्रियापदापुढे कोणता शब्दयोगी येतो ते तिथे दिसतं. 'डिस्कस'ची चार उदाहरणं वाचली की 'अबाउट' आपोआप सुटतो.

आपला मेल आता असा झाला: 'आय हॅव बीन वर्किंग ऑन धिस प्रोजेक्ट फॉर टू इयर्स. आय कम्प्लीटेड द रिपोर्ट यस्टरडे, बट द मॅनेजर हॅज नॉट सीन इट यट. प्लीज सेंड मी द इन्फर्मेशन बाय फ्रायडे. वी विल डिस्कस इट ऑन मंडे.'

व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर वापरू का, असं विचाराल तर जरूर वापरा, पण चौथ्या फेरीनंतर. आधी वापरलंत तर ते लाल रेघ देतं, तुम्ही क्लिक करता आणि चूक का होती हे कळत नाही. शिवाय ते वाक्य तपासतं, तुमच्या मनात काय होतं ते त्याला ठाऊक नसतं. माझं 'आय विल वर्क ऑन इट अंटिल फ्रायडे' त्याने बिनतक्रार पास केलं असतं. व्याकरणात त्या वाक्याचं काहीच चुकलं नव्हतं.